बुधवारी दादा, गुरुवारी धाकटा

तारीख ३, सोमवार

हे काल गाडी चालवताना झोपले. मला सांगणार नव्हतेच. ट्रकचा डावा आरसा कुठे गेला विचारलं तर म्हणे पडला. आरसा म्हणजे काय झाडाचं पान आहे, आपोआप गळायला? खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे तोंड उघडलं. डुलकी लागली, गाडी पुलाच्या कठड्याला घासत गेली, त्या आवाजाने जाग आली. खाली नदी होती म्हणे. एवढं सांगून चहात बिस्किट बुडवून खात बसले. मी ओट्याला धरून उभी आणि हे मात्र बिस्किट किती मऊ झालंय ते बघत होते.

ही डायरी यांच्या मालकाने नव्या वर्षाला दिलेली, कोरीच पडली होती. ज्याच्याशी बोलायचं तो माणूस सदा रस्त्यावर. तेव्हा आता हिच्याशी बोलावं म्हटलं.

गाडी सोडा म्हणून मी कधीपासून यांच्या मागे लागले आहे. दरवेळी एकच उत्तर, मग खायचं काय. आज माझ्याकडे त्याचं उत्तर होतं. पलीकडच्या गल्लीतल्या इस्पितळात चादरी आणि गाऊन धुऊन देणारं कुणी हवं आहे. मेट्रनबाईंशी मी बोलून आले. पुढच्या सोमवारपासून रोज गाठोडी पाठवते म्हणाल्या, पण सोमवारी तयार नसाल तर दुसरी बाई रांगेत उभी आहे. सासऱ्यांची मोटार विकल्यापासून आपलं गॅरेज रिकामंच आहे. बंद पडलेल्या एका हॉटेलची मोठी मशीन मिळते आहे. फक्त गॅरेजमध्ये वीज आणि पाणी न्यायचं.

यांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "आठवडाभर तुझं नीट चालू दे. मी चावी मालकाच्या टेबलावर ठेवतो."

मी म्हटलं, परत बोला. परत बोलले. आता काही झालं तरी सोमवार चुकवायचा नाही.

तारीख ४, मंगळवार

थोरला भाऊ वायरमन, धाकटा प्लंबर. लोकांना वाटतं हिचं किती बरं, सगळं माहेरच्यांकडूनच फुकटात होतं. त्यांना काय सांगायचं, दोघांतून विस्तव जात नाही. एका बंगल्याच्या कामात धाकट्याने भिंत फोडताना दादाची नवी कोरी वायरिंग छिन्नीने तोडली आणि दादाने मालकाच्या देखत त्याच्या कानाखाली वाजवली. तेव्हापासून दादा त्याला 'तो तुझा भाऊ' म्हणतो आणि तो दादाला 'तुझे मोठे साहेब'. जसे काही मीच दोघांना जन्माला घातले.

मी मधली. निरोप ने-आण करून माझ्या तोंडाला फेस आला. साधं 'येतो म्हणाला' सांगितलं तरी 'कोणत्या तोंडाने म्हणाला' असा फाटा फुटतो, आणि मग दोघंही माझ्यावरच रुसतात. आता कानाला खडा. इकडचा शब्द तिकडे न्यायचाच नाही. बुधवारी दादा, गुरुवारी धाकटा. आपापलं काम करा आणि चालते व्हा. एकमेकांचं तोंडसुद्धा बघायला नको.

हे मला आधी का सुचलं नाही कोण जाणे.

तारीख ५, बुधवार

दादा सकाळीच आला. काम कमी, शिकवणी जास्त. मी म्हटलं होतं खिडकीतून एक लांब वायर ओढून दे. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. घरच्या बोर्डापासून गॅरेजपर्यंत वेगळी जाड केबल टाकली. कंपाउंडच्या कडेने कमरेएवढा चर खणला, खाली रेती, वर रेती, त्यावर विटा. उद्या कुणी कुदळ मारली तर आधी वीट लागली पाहिजे म्हणे. मशीन पाणीही तापवणार, तर एवढा भार घरातल्या बारक्या वायरने ओढला असता तर भिंतीच्या आतून आग लागली असती. मी हो हो करत चहा दिला.

मग हिरवी वायर दाखवून म्हणाला, "ही सगळ्यात महत्त्वाची. मशीनच्या पत्र्यात करंट उतरला तर या वायरने घरच्या बोर्डात जातो, तिथून तांब्याच्या तारेने नळाच्या लोखंडी पाइपावर आणि पाइपातून जमिनीत. तुझ्यातून जात नाही." मला जांभई आली ती त्याने पाहिली. मग बल्ब लावून दाखवला, एक टोक करंटला, एक त्या हिरव्या वायरला. बल्ब लख्ख पेटला. बघ, जमीन कशी ओढून घेते आहे, म्हणाला, आणि स्वतःच खूश झाला. लहानपणी असाच खूश व्हायचा, रेडिओ खोलून परत चालू झाला की.

गॅरेजच्या बोर्डात एक स्विच बसवला आहे. करंट वाट चुकून कुणाच्या अंगात शिरायला लागला की तो स्वतःहून पडतो. मी त्याला पहारेकरी नाव ठेवलं. दाराशेजारी सगळं एकदम बंद करायला एक मोठं लाल बटणही लावलं.

करंट थेट जमिनीत सोडायला गॅरेजसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डाही करायचा होता त्याला, पण त्यासाठी फरशी फोडायला हवी, म्हणजे आणखी दिवस. मी हातच जोडले. मग म्हणाला, ठीक आहे, पाइपाचं अर्थिंग चांगलं आहे, खड्डा सवडीने करू.

निघताना विचारलं, नळाचं काम कोण करतंय. बघू, कुणीतरी, म्हटलं मी. तो पिशवी उचलून गेला. खोटं बोलले नाही मी. कुणीतरीच करणार आहे.

तारीख ६, गुरुवार

धाकटा आला तो चराकडेच बघत उभा राहिला. विटा एका रेषेत आहेत म्हणाला. कुणी केलं ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दिवसभरात दोनदा जाऊन बघून आला.

मशीनला पाण्याचा जोर लागतो आणि आमचा लोखंडी पाइप आतून गंजून पार बुजलेला. रस्त्यापासून गॅरेजपर्यंत सगळा पाइप उपटून त्याने नवा पांढरा प्लास्टिकचा टाकला. आता गंजायची भानगड नाही, जन्माला पुरेल म्हणाला. नळ सोडला तर पाणी अंगावर आलं. इतकं पाणी या घराने कधी पाहिलं नव्हतं.

जुना पाइप काढताना मात्र त्याचं घोडं अडलं. पाइपाला पितळी पट्टीने एक तांब्याची तार आवळलेली होती. "ताई, ही तुझ्या साहेबांची दिसते. विचारून घे, हिचं काय करायचं." म्हणजे परत फोन, परत 'तो तिथे कशाला आला होता', परत रामायण. शनिवारी मशीन यायची आहे. मी म्हटलं, होती तशी बांधून ठेव. त्याने नवीन पाइपाला ती पट्टी लावली, पान्याने घट्ट पिळली, वरून हलवून बघितली. दादाच्या वस्तूला त्याने इतकं जपलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मनात म्हटलं, दगडाला पाझर फुटतोय.

बघा, दोन दिवसांत दोन भावांकडून काम करून घेतलं आणि भांडण नाही.

तारीख ८, शनिवार

मशीन आली. चार माणसं होती तरी उतरवताना धापा टाकत होती. पोटात मला घालून दार लावता येईल एवढी. यांचा फोन आला तेव्हा मी तेच सांगितलं तर म्हणाले, तेवढं बटण मात्र मला दाबू दे. मेले विनोद. पण आवाज थकलेला होता. आता कुठे आहात विचारलं तर नाव न सांगता 'घाटात' म्हणाले. घाट म्हटलं की मी रात्रभर दाराकडे बघत बसते.

तारीख १०, सोमवार

पहिली गाठोडी आली. रक्ताचे डाग, औषधांचे वास, काय काय असतं माणसाच्या अंगाखाली. संध्याकाळपर्यंत सगळं धुऊन वाळत घातलं. मेट्रनबाईंनी चादर उजेडात धरून बघितली आणि मान हलवली. तेवढ्याने माझ्या जिवात जीव आला. आठवडा आजपासून मोजायचा.

हात मात्र फार दुखतात. ओल्या चादरी ओढून काढताना मनगटापासून कोपरापर्यंत मुंग्या आल्या. वय झालं. कॅल्शियमच्या गोळ्या आणायला हव्यात.

तारीख १२, बुधवार

पहारेकरी बिघडला. काल दोनदा पडला, आज तर सारखा. मशीन छान चालू असते, आणि मी कपडे काढायला ओला हात लावला रे लावला की खट्‌! सगळं बंद. माझ्याशीच वैर आहे मेल्याचं. एकटी चालत असते तेव्हा मुकाट असतो. अर्धवट धुतलेलं गाठोडं साबणात तसंच पडून आहे. हाताने पिळले, बोटांची सालं निघाली.

संध्याकाळी इस्पितळातला माणूस चादरी न्यायला आला तर अर्ध्याच तयार. मेट्रनबाईंचा निरोप, असं चालणार नाही. रडूच आलं मला. त्या माणसासमोर नाही रडले, तो गेल्यावर रडले. यांनी घाटात डोळा मिटला तर हा स्विच येणार आहे का भरून द्यायला?

तारीख १३, गुरुवार

दादाला फोन केला. स्विच खराब दिलास म्हटलं. तो चिडला नाही, उलट हळू आवाजात विचारलं की मुंग्या वगैरे येतात का हाताला. मी म्हटलं, त्या वयाने येतात. लगेच म्हणाला, "मशीन बंद ठेव. अजिबात हात लावू नकोस. उद्या सकाळी येतो."

पण उद्या धाकटा यायचा आहे, सांडपाण्याची नळी गळते म्हणून. गॅरेजमध्ये पाणी साचतंय, त्याला नको कसं म्हणू? दोघं समोरासमोर आले तर काम राहील बाजूला. मी दादाला रविवार दिला. का म्हणून विचारत होता, मी म्हटलं उद्या मला वेळ नाही. मग तोवर बंद ठेवशील ना, परत परत विचारलं. हो म्हटलं.

हो म्हणायचं नाही तर काय करायचं? तीन गाठोडी पडली आहेत.

तारीख १४, शुक्रवार

धाकट्याने नळी बदलली आणि गेला. दुपारी हे आले. डोळे लाल, खांदे पडलेले. मला साबणात कोपरापर्यंत हात घालून बसलेलं बघितलं तर जेवलेसुद्धा नाहीत, पेचकस घेऊन बोर्डापाशी गेले. थोड्या वेळाने म्हणाले, लाव आता. मशीन सुरू झाली ती एकदाही थांबली नाही. पहारेकऱ्याला वगळून वायर सरळ जोडली म्हणे. रस्त्यात गाडीचे दिवे गेले की आम्ही असंच करतो, म्हणाले. दादा यायच्या आत रविवारी सकाळी होतं तसं करून ठेवतो, त्याला उगाच कशाला.

किती दिवसांनी मला यांचा अभिमान वाटला. सांगितलंसुद्धा तोंडावर. तर लाजले.

तारीख १५, शनिवार

सगळी गाठोडी संपली. मेट्रनबाई स्वतः येऊन बघून गेल्या. पुढच्या महिन्यापासून ऑपरेशनचे कपडेही देते म्हणाल्या.

हे दिवसभर माझ्याबरोबर होते. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणी, फरशीवरचं पाणी झाडूने लोटत. मध्येच मशीनवर थाप मारून म्हणाले, हिला स्टिअरिंग लावलं तर काय मजा येईल. आज माझ्या मुंग्या जरा जास्तच होत्या, खांद्यापर्यंत. पण त्यांना सांगितलं नाही, नाहीतर धुणं सोड म्हणाले असते. सोमवारी मालकाकडे जाऊन चावी देणार. उद्याचा एक दिवस. किती वर्षांनी घरात सुखाची झोप येईल.

तारीख १९, बुधवार

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहिते आहे. हे आत आहेत. जिवंत आहेत. एवढं आधी लिहिते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

रविवारी सकाळी दादा यायच्या आधी शेवटचं गाठोडं काढू आणि मग वायर पूर्ववत करू असं ठरलं होतं. मी दोरीवर चादरी घालत होते. गॅरेजमधून आवाज आला तो यांचा वाटलाच नाही. आत बघते तर उजव्या हाताने मशीनच्या दाराची कडी धरलेली, आणि सुटत नाही. सगळं अंग थरथरत होतं, डोळे माझ्याकडे. पायाखाली पाणी. माझे हात पुढे गेले होते. कसे मागे घेतले माहीत नाही. दाराशेजारी दादाने मोठं लाल बटण बसवलं आहे, त्यावर मूठ मारली. हे खाली पडले. हाताला जळका वास येत होता.

यांच्या छातीवर दाबत राहिले, ओरडत राहिले. शेजारचे धावून आले. गाडीत घालत असताना दादा फाटकातून आत येत होता. ठरल्याप्रमाणे, रविवारी.

हृदय आता ठीक चाललंय म्हणतात. हाताचं बोलत नाहीत. विचारलं की म्हणतात, बघू.

तारीख २१, शुक्रवार

कपडे न्यायला घरी आले तर दोघं भाऊ अंगणात. दादा पाइपाशी उकिडवा बसलेला, धाकटा त्याच्यामागे उभा. त्यांना असं एका जागी बघितलं त्याला वर्षं झाली. मी दाराआडच थांबले.

दादाच्या हातात ती तांब्याची तार होती. म्हणाला, "पट्टी काय घट्ट बसवलीस रे."

धाकटा म्हणाला, "तू बांधली होतीस तशीच बांधली."

"प्लास्टिकवर."

"मला काय माहीत ती कशासाठी असते? विचार म्हटलं होतं मी ताईला."

दादा ओरडेल असं वाटलं. तो ओरडला नाही. पाइप कधी बदललास, एवढंच विचारलं. गुरुवारी. मी बुधवारी तपासली होती, बल्ब लख्ख पेटला होता, दादा म्हणाला. प्लास्टिकमधून करंट जमिनीत उतरत नाही, तो मशीनच्या पत्र्यातच राहिला. धाकटा मटकन खाली बसला आणि तोंड हातांत घेतलं. दादाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिला. बंगल्यातल्या त्या थपडेनंतर पहिल्यांदा त्याने त्याला हात लावला असेल.

मग दादाने बोर्ड उघडला आणि पहारेकऱ्याला वगळून जोडलेली वायर बघितली. हे कुणी केलं, विचारलं. तेव्हा मी पुढे झाले. यांनी केलं पण माझ्यासाठी केलं, म्हटलं. मुंग्या येत होत्या, मशीन बंद ठेवते म्हणाले आणि ठेवली नाही, तेही सांगितलं. शुक्रवारी तू येऊ नये म्हणून मीच रविवार दिला, कारण शुक्रवारी हा यायचा होता. दोघं माझ्याकडे बघत होते.  ओरडले असते तर बरं झालं असतं.

एक तास, फक्त एक तास दोघं एका वेळी या अंगणात असते तर दादाने लांबूनच बघितलं असतं, पाइप पांढरा आहे. मी तेवढं होऊ दिलं नाही. आणि त्याचा मला आनंद झाला होता. मागे उलटून वाचलं, इथेच लिहून ठेवलंय मी.

तारीख २५, मंगळवार

दोघांनी मिळून गॅरेजचं काम नव्याने केलं. फरशी फोडली, खोल खड्डा खणला, अर्थिंग जमिनीत पुरलं. धाकटा खणत होता, दादा तार जोडत होता. बल्ब लख्ख पेटला. मला हाक मारली बघायला. मी गेले नाही.

मेट्रनबाईंनी निरोप दिला आहे, तुमचं काम तुमच्यासाठी ठेवलंय, सवडीने या. चांगल्या आहेत. मला गॅरेजच्या दाराकडे बघवत नाही.

तारीख २९, शनिवार

आज डॉक्टरांनी आम्हां दोघांना बसवून सांगितलं. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली ती तर गेलीच. तळव्यातल्या शिरा जळल्या आहेत, उरलेली बोटं मिटणार नाहीत. जड काही धरता येणार नाही. यांनी एकच विचारलं, स्टिअरिंग? डॉक्टरांनी मान हलवली, नाही म्हणून. कधीच? कधीच नाही.

घरी येताना हे शेजारच्यांच्या गाडीत पुढे बसले होते, मी मागे. रस्ताभर त्यांचं लक्ष चालवणाऱ्याच्या हातांकडे. घरी आल्यावर मी उशी लावून दिली, पांघरूण घातलं. डाव्या हाताने माझा हात धरला आणि हसले. अगदी नेहमीसारखे हसले.

"चल, तू सुटलीस," म्हणाले. "आता रात्री दाराकडे बघत बसायला नको. मी कुठेही जात नाही."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? इतकी वर्षं हेच तर मागत होते मी.